भात कोण शिजवतो?

रघूने दार उघडले. किल्लीने दार उघडले. वाऱ्याने दार उघडले.

तिन्ही वाक्ये एकाच साच्यातून निघालेली दिसतात. आधी नाम, त्याला 'ने', मग दार, मग क्रियापद. तरीही उघडण्याच्या कामात रघूची, किल्लीची आणि वाऱ्याची जागा एक नाही, हे मराठी माणसाला कुणी शिकवावे लागत नाही. प्रत्यय सारखाच असताना हे कळते कुठून? वाक्ये वर्तमानकाळात नेऊन पाहा. 'रघू दार उघडतो' म्हणताना रघूचा 'ने' गळून पडतो. किल्लीचा गळत नाही. आपण 'किल्लीने दार उघडते' म्हणतो आणि क्रियापद आता दाराच्या मागे चालू लागते. वारा इथे किल्लीच्या बाजूला जातो: 'वाऱ्याने दार उघडते'. 'वारा दार उघडतो' हे बोलण्यात अडखळते. पण क्रियापद बदलले की वाऱ्याची जागाही बदलते. 'वारा पाने उडवतो', 'पाऊस उभे पीक झोडपतो' या वाक्यांत वारा आणि पाऊस सरळ कर्ते आहेत. म्हणजे वारा कर्ता की साधन, हा प्रश्न वाऱ्याकडे कितीही निरखून पाहिले तरी सुटायचा नाही. तो क्रियापदालाच विचारावा लागतो.

क्रियापदाभोवती जमणाऱ्या नामांच्या या भूमिकांचा विचार आधुनिक भाषाविज्ञानात गेल्या साठ वर्षांत पुन्हा जोमाने सुरू झाला. १९६५ साली जेफ्री ग्रुबर यांनी एम.आय.टी.मध्ये आपला प्रबंध सादर केला आणि १९६८ साली चार्ल्स फिलमोर यांचा 'द केस फॉर केस' हा दीर्घ निबंध आला. फिलमोर यांचे प्रसिद्ध उदाहरणही दार आणि किल्लीचेच होते. जॉन किल्लीने दार उघडतो, किल्ली दार उघडते, दार उघडते. इंग्रजीत या तिघांनाही वाक्याच्या अग्रभागी बसता येते, पण उघडण्याच्या घटनेतले त्यांचे काम काही बदलत नाही. या पृष्ठभागाखाली करणारा, साधन, अनुभवणारा, स्थान, क्रियेतून घडणारी वस्तू आणि क्रियेचा विषय होणारी वस्तू अशा सहा भूमिका आहेत, असे फिलमोर यांनी मांडले. त्यांच्यात मानाचा क्रमही लावला. करणारा हजर असेल तर अग्रस्थान त्याचे, तो नसेल तर साधनाचे, तेही नसेल तर वस्तूचे.

संस्कृत व्याकरणाची तोंडओळख असलेल्या वाचकाला हे वाचताना ओळखीचे काही दिसल्यासारखे होईल. पाणिनीने 'अष्टाध्यायी'च्या पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात कारके, म्हणजे क्रियेशी जोडलेल्या नामांच्या भूमिका, सांगितली, तीही सहाच: अपादान (जिथून दूर होणे घडते ते), संप्रदान (ज्याला द्यायचे तो), करण (साधन), अधिकरण (ठिकाण), कर्म, कर्ता. हा आकडा जुळला याला मी फार महत्त्व देत नाही. दोन्ही याद्या आतून वेगळ्या आहेत. विचार करण्याजोगा आहे तो पाणिनीने लावलेला क्रम. त्या प्रकरणात एका वस्तूला एका वेळी एकच संज्ञा मिळते आणि दोन संज्ञांचा झगडा झाला तर सूत्रपाठात नंतर येणारी जिंकते. धनुष्याने वेध घेतला, तर बाण धनुष्यापासून सुटतो म्हणून धनुष्य अपादान ठरायला हवे; वेध त्याच्या साहाय्याने घेतला जातो म्हणून करणही ठरायला हवे. करण यादीत नंतर येते, म्हणून धनुष्य करण. कर्ता सर्वांत शेवटी ठेवला आहे, म्हणून तो सर्वांवर मात करतो. करणाऱ्याला मिळणारा जो अग्रमान फिलमोर यांनी शब्दांत मांडला, तो पाणिनीने सूत्रे कोणती आधी आणि कोणती नंतर एवढ्यातच बसवून ठेवला होता.

पण पाणिनीच्या कर्त्याची व्याख्या अधिक खोल आहे असे मला वाटते. इच्छा असणारा, सचेतन, हातपाय हलवणारा, यांतले एकही विशेषण त्याने वापरलेले नाही. त्याची अट एकच आहे, स्वातंत्र्य. त्या क्रियेपुरता जो स्वतंत्र, तो कर्ता. या एका अटीचा पल्ला किती लांब आहे हे पतंजलीने 'अष्टाध्यायी'वरच्या 'महाभाष्या'त दाखवले आणि त्यासाठी उदाहरण घेतले भात शिजवण्याचे.

पतंजली विचारतो, शिजवणे म्हणजे नेमके काय? स्वयंपाक करणारा भांडे चुलीवर ठेवतो, पाणी ओततो, तांदूळ वैरतो, सरपण सारतो. हे झाले मुख्य कर्त्याचे शिजवणे. पण भांडेही काही करतेच. 'हे भांडे द्रोणभर शिजवते' असे आपण म्हणतो तेव्हा तेवढे तांदूळ पोटात सामावून धरणे हे भांड्याचे शिजवणे असते. दाणा मऊ होईपर्यंत जळत राहणे हे लाकडांचे शिजवणे. एका क्रियापदाच्या आत अशा लहान लहान क्रिया नांदत असतात आणि आपापल्या क्रियेपुरते भांडे कर्ता असते, लाकूडही कर्ता असते. मग आपण त्यांना अधिकरण आणि करण का म्हणतो? इथे पतंजली राजा आणि अमात्य यांचा दाखला देतो. राजासोबत असताना अमात्य परतंत्र असतात, त्याच्यापासून दूर असताना तेच स्वतंत्रपणे वागतात. मुख्य कर्ता वाक्यात असेल तर भांडे परतंत्र, नसेल तर स्वतंत्र.

आपल्या स्वयंपाकघरातले बोलणे ऐका. 'आई भात शिजवते', 'हा कुकर दहा मिनिटांत भात शिजवतो', 'भात शिजला'. घटना एकच, तोच तांदूळ आणि तीच आच. बदलले ते एवढेच, की सांगणाऱ्याने कुणाला राजा केले. या सांगण्याच्या इच्छेला व्याकरणकार विवक्षा म्हणतात. इ.स.च्या पाचव्या शतकातल्या भर्तृहरीने 'वाक्यपदीया'च्या तिसऱ्या कांडात हे सूत्र पुढे नेले. त्याच्या मते कारक म्हणजे वस्तू नव्हेच. कारक ही वस्तूच्या ठायी असलेली, त्या त्या क्रियेच्या संदर्भात प्रकट होणारी शक्ती. तलवार आपल्या जागी तलवारच असते. ती करण होते, कर्म होते की कर्ता होते, हे क्रिया आणि वक्ता मिळून ठरवतात.

म्हणून वाटेल ते बोलावे असा याचा अर्थ नाही. भाषा वक्त्याला मोकळीक देते आणि कुंपणही घालते. पाणिनीने सामान्य व्याख्यांच्या आजूबाजूला विशिष्ट धातूंसाठी सूत्रांची रांगच लावली आहे. भीतीच्या अर्थाच्या धातूंबरोबर भीतीचे कारण अपादान होते, रागाच्या अर्थाच्या धातूंबरोबर ज्याच्यावर राग तो संप्रदान होतो, पण त्याच धातूला उपसर्ग लागला की तोच माणूस कर्म होतो. राग तोच, माणूस तोच. उपसर्गाने भूमिका बदलली. निव्वळ जगाकडे पाहून भूमिका ठरत असत्या तर हे घडलेच नसते. पाणिनीने कारकांना अर्थ आणि प्रत्यय यांच्या मध्ये, दोहोंना जोडणाऱ्या पातळीवर ठेवले, याचे कारण इथे दिसते. जगात काय घडले ही एक गोष्ट, भाषेने त्या घडण्याची मांडणी कशी केली ही दुसरी आणि त्या मांडणीला कोणता प्रत्यय लागला ही तिसरी. शाळेत आपण तिसरीवरच थांबतो. 'स, ला, ते' पाठ करून घेतले जातात, द्वितीया आणि चतुर्थी या दोन्ही रकान्यांत तेच प्रत्यय भरले जातात आणि मुलाने फरक विचारला तर कारकार्थ पाहा म्हणून सांगतात. पण कारक म्हणजे काय, ते विभक्तीहून वेगळे का, हे कुणी निगुतीने सांगत नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ चे, मोरो केशव दामल्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ चे. इतकी जुनी परंपरा पाठीशी असताना विद्यार्थ्याच्या हाती फक्त तक्ता उरावा, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मराठीची स्वतःची मांडणी तर अतिशय समृद्ध आहे. 'रामाला आंबा आवडतो' या वाक्यातला कर्ता कोणता, हा स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांतला ठरलेला प्रश्न. उत्तर 'आंबा', कारण क्रियापद आंब्याच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. पाणिनीचा निर्णयही याच दिशेचा आहे. आवडण्याच्या अर्थाच्या धातूंबरोबर, ज्याला आवडते तो संप्रदान, असे त्याचे स्वतंत्र सूत्र आहे, आणि परंपरेतले उदाहरण आहे देवदत्ताला मोदक आवडण्याचे. मोदक कर्ता, देवदत्त संप्रदान. पण मराठी इथे आणखी एक खूण देते. 'शामला आपले घर आवडते' या वाक्यात 'आपले' कुणाचे? शामचे. 'आपला' हा शब्द एरवी कर्त्याकडे वळतो, तो इथे 'ला' लागलेल्या शामकडे वळला. म्हणजे क्रियापदाचा मान आंब्याला, घराला मिळाला, आणि वाक्याच्या केंद्राचा मान अनुभवणाऱ्याला. कर्तेपण इथे दोघांत वाटले गेले आहे. परीक्षेच्या एका गुणासाठी त्यातले अर्धेच उत्तर बरोबर ठरते.

ही मांडणी एकट्या मराठीची नाही. गोव्यातला माणूस 'म्हाका भूक लागल्या' म्हणतो, कानडी माणूस 'ननगे हसिवागिदे' म्हणतो. कुळे निरनिराळी, पण भूक दोघांनाही 'ला'च्या वाटेनेच येते. १९७६ साली कॉलिन मासिका यांनी दक्षिण आशिया हे एक भाषिक क्षेत्र आहे असे दाखवताना ज्या खुणा तपासल्या, त्यांत अनुभवणाऱ्याला चतुर्थीत ठेवण्याची ही रीत महत्त्वाची होती. शेजाराने राहणाऱ्या भाषांनी माणसाच्या आतल्या हालचालींचे एकसारखे व्याकरण घडवले. राग येतो, झोप लागते, आठवण होते, कंटाळा येतो. या सगळ्यांत भावना चालत येते आणि माणूस तिला सामोरा जातो. मात्र यावरून भारतीय माणूस दैववादी आहे, असे निष्कर्ष काढणाऱ्यांशी मी सहमत नाही. तीच मराठी 'मी रागावलो', 'मी झोपलो', 'मी कंटाळलो' असेही म्हणते. भाषेने दोन्ही दारे उघडी ठेवली आहेत. कोणते वापरायचे ते बोलणारा ठरवतो.

हे ठरवणे किती बारकाईचे असते, ते फुटण्या-फोडण्यात दिसते. फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, सुटणे-सोडणे, पडणे-पाडणे, मरणे-मारणे: मराठीत अशा जोड्या भरपूर आहेत. जोडीतल्या पहिल्या क्रियापदाला कर्ता म्हणून वस्तूच पुरते. दुसऱ्याला करणारा लागतोच. घरात कप फुटला की लहान मूल म्हणते, 'मी नाही फोडला, फुटला.' व्याकरणाचा एक धडाही न शिकलेल्या मुलाने कारकव्यवस्थेचा असा नेमका उपयोग केलेला असतो. मोठी माणसे तिसरी वाट काढतात: 'माझ्या हातून कप फुटला.' हे वाक्य मला मराठीच्या नैतिक सूक्ष्मतेचा उत्तम नमुना वाटते. बोलणारा नामानिराळा झालेला नाही, 'माझ्या' म्हणून तो हजर आहे. पण त्याचा हात इथे कर्ताही नाही आणि करणही नाही. 'ऊन' लावून तो अपादान झाला आहे, फुटण्याची घटना जिथून निघाली ते ठिकाण. जबाबदारी आहे, हेतू नाही. न्यायालयात निष्काळजीपणा आणि इरादा यांच्यात जो फरक करावा लागतो, तो मराठी एका प्रत्ययात करते.

या संदर्भात डेव्हिड डाउटी यांचा १९९१ चा निबंध मला महत्त्वाचा वाटतो. फिलमोर यांच्यानंतर भूमिकांच्या याद्या वाढत गेल्या, प्रत्येक अभ्यासकाची यादी वेगळी झाली आणि एक भूमिका कुठे संपते, दुसरी कुठे सुरू होते, यावर एकमत होईना. डाउटी यांनी याद्या बाजूला ठेवून दोनच टोके मानली, नमुनेदार कर्ता आणि नमुनेदार कर्म. इच्छेने सहभागी होणे, जाणीव असणे, घटना किंवा बदल घडवून आणणे, हालचाल करणे, घटनेबाहेरही स्वतंत्र अस्तित्व असणे, ही कर्त्याकडची लक्षणे. स्थिती बदलणे, दुसऱ्याच्या कृतीचा परिणाम भोगणे, स्थिर असणे, ही कर्माकडची काही लक्षणे. ज्याच्या पदरात पहिल्या बाजूची लक्षणे अधिक, तो कर्त्याच्या जागी बसतो. या मोजपट्टीने वारा हलतो, घडवतो, स्वतंत्र असतो. त्याला जाणीव आणि इच्छा नाही. म्हणून तो 'उडवतो'मध्ये सहज कर्ता होतो आणि 'उघडतो'मध्ये अडखळतो. कर्तेपणाच्या अशा पायऱ्या मानल्या की मराठीची अनेक कोडी उलगडतात. तरी सांगणाऱ्याची विवक्षा या मोजपट्टीवर कुठेच नाही, आणि तिच्याविना चित्र अपुरे राहते असे मला वाटते.

कारण विवक्षेत केवळ शैली नसते. पाणिनीने कर्त्याला प्रेरणा देणाऱ्यासाठी वेगळे सूत्र केले. त्याला हेतू अशी संज्ञा दिली आणि कर्ता ही संज्ञाही कायम ठेवली. करवणारा आणि करणारा, प्रयोजक आणि प्रयोज्य, दोघेही कर्ते. 'शिवाजी महाराजांनी रायगड बांधला' हे वाक्य खरे आहे. रायगडावर जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांचे नाव कोरलेले आहे, तेही खरे आहे. त्या पायरीच्या रूपाने प्रयोज्य कर्ता वाक्यात परत आला. बहुतेक इमारतींना, धरणांना, रस्त्यांना अशी पायरी मिळत नाही. त्यांच्या वाक्यांत प्रयोजकच तेवढा उरतो.

कर्माच्या बाबतीतही तसेच. कर्त्याला आपल्या क्रियेने जे सर्वाधिक मिळवायचे असते ते कर्म, असे पाणिनी म्हणतो, आणि लगेच पुढच्या सूत्रात, नको असलेली वस्तूही तशीच जोडली गेली तर कर्म होते, अशी भर घालतो. परंपरेतले उदाहरण आहे विष खाण्याचे. विष कुणाला हवे असते? पण पतंजली इथे क्षणभर थांबतो. दुःखाने गांजलेला माणूस इतर दुःखे पाहून विष खाणेच बरे असे मानतो, तेव्हा ते त्याला हवेसेच झालेले असते, असे तो नोंदवतो. इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या व्याकरणकाराने सूत्राची गरज तपासता तपासता माणसाच्या हतबलतेकडे असे पाहिले. आज वर्तमानपत्रात 'शेतकऱ्याने आत्महत्या केली' हे वाक्य मी वाचतो तेव्हा मला ते भाष्य आठवते. त्या वाक्यात कर्ता एकच आहे आणि तो पूर्ण स्वतंत्र दिसतो. कर्ज, पडलेला भाव, हुकलेला पाऊस हे सगळे 'मुळे' लावून कडेला उभे असतात. त्याला तिथवर आणणाऱ्यांना वाक्यात कोणतेच कारक मिळत नाही. याच्या उलट 'लाठीमार झाला', 'तिच्यावर अत्याचार झाला', 'झोपड्या हटवण्यात आल्या'. इथे भोगणारे दिसतात, करणारे गेले. व्याकरण दोन्ही वाक्ये शुद्धच म्हणेल. पण पहिल्यात स्वातंत्र्य नसलेल्याला स्वतंत्र केले आहे आणि दुसऱ्यांत स्वतंत्र असलेल्याला वगळले आहे. हे कुणीतरी निवडलेले असते, आणि निवडणाऱ्याला त्याचा जाब विचारता आला पाहिजे.

यंत्रांनाही आता हे प्रश्न पडू लागले आहेत. फिलमोर यांनी १९९७ मध्ये बर्कली येथे 'फ्रेमनेट' हा प्रकल्प सुरू केला. त्यात क्रियापदे आणि त्यांच्या भोवतीच्या भूमिका यांची वाक्यांच्या आधारे नोंद होते. आपल्याकडे कानपूरच्या आय.आय.टी.त 'अक्षर भारती' या गटाने पाणिनीय पद्धत संगणकासाठी मांडली, १९९५ साली त्यावर पुस्तक आले आणि पुढे हैदराबादेत हिंदी वाक्यांना कारकांच्या खुणा लावून मोठा साठा तयार झाला. त्यात कर्त्याला 'के-वन' आणि कर्माला 'के-टू' असे लेबल आहे. 'के' म्हणजे कारकच.

या सगळ्या विचारात मराठी मुलूख कधीच परका नव्हता. 'महाभाष्या'ची कीलहॉर्न यांची चिकित्सक आवृत्ती मुंबईहून १८८० पासून निघाली आणि कीलहॉर्न पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवत होते. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी संपूर्ण 'महाभाष्य' मराठीत आणले. शि. द. जोशी आणि रूडबर्गेन यांनी कारकाह्निकाचा, म्हणजे 'महाभाष्या'तल्या कारकांवरच्या भागाचा, सटीप अनुवाद १९७५ साली पुणे विद्यापीठातून प्रसिद्ध केला. साधने हाताशी आहेत. मराठीच्या शिक्षकांना माझी विनंती आहे की विभक्तीचा तक्ता फळ्यावर काढण्याआधी एक क्रियापद लिहा, 'शिजवणे' लिहा, आणि त्या कामात कोण कोण लागते ते मुलांना विचारा. आणि मराठीच्या अभ्यासकांनी एका मोठ्या क्रियापदकोशाला हात घालावा, ज्यात प्रत्येक क्रियापदापुढे त्याला कोणती कारके लागतात, ती कोणत्या प्रत्ययाने येतात आणि कुठल्या बोलीत कशी बदलतात, हे वऱ्हाडापासून मालवणापर्यंतच्या बोलत्या वाक्यांसह नोंदलेले असेल.